माझी कंबर ठणठणीत आहे

माझ्या कंबरेला कधीही काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं जे गाव लागतं, तिथे निम्मे लोक अजूनही मला 'कंबरवाली टीचर' म्हणून ओळखतात. खड्डा आला की रिक्षावाले मला आधी सूचना देतात. किराणा दुकानदार माझी पिशवी स्वतः उचलून बाहेर आणून ठेवतो. आणि मी, मूळची सांगलीकडची, लहानपणी उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहिलेली बाई, तोंड कसनुसं करून त्याला "थँक्यू हं" म्हणते.

आजार मात्र खरा होता. फक्त लोकांना पत्ता चुकीचा दिला होता.

आम्ही इकडे आलो ते ह्यांच्या नोकरीमुळे. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी खात्यात आहेत. म्हणजे कुणी हेल्मेट घातलं नाही की ओरडायचं, कुणी शिडीवर चपला घालून चढला की ओरडायचं, आणि मधूनच सायरन वाजवून सगळ्यांना मैदानात गोळा करायचं नि सांगायचं की काही झालेलं नाही, ही फक्त मॉक ड्रिल होती. घरीही तोच कारभार. आमच्या गॅसच्या शेगडीजवळ ह्यांनी वाळूने भरलेली लाल बादली ठेवली आहे. आग कधी लागली नाही, पण गावातल्या तमाम मांजरांची त्या वाळूमुळे सोय झाली.

घर भाड्याचं. खाली मालकीणबाई, वर आम्ही. मागे त्यांची चिकूची वाडी. मी त्यांना काकी म्हणते. काकींचं वय साठीच्या पुढचं, मुलगा नोकरीनिमित्त लांब, त्यामुळे त्यांच्याकडे प्रेम आणि आवाज दोन्ही भरपूर शिल्लक. ओट्यावर बसून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाची चौकशी करतात. त्यांच्या नजरेतून सुटून जिना चढणं कुणाच्याच बापाला जमलेलं नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर माझ्यातलं काहीतरी बंद पडलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. बाजारात वांगी घ्यावीत की गवार, हे ठरवता येईना म्हणून मी भाजीवालीसमोर उभी राहून रडले. ती बिचारी घाबरून म्हणाली, "ताई, दोन्ही घ्या, भाव कमी करते." मी घरी शिकवण्या घेते. मुलांना पाढे म्हणायला लावले आणि थांबा म्हणायचंच विसरले. मुलं पाढ्यांमागून पाढे म्हणत गेली, शेवटी त्यांच्यातच भांडण लागलं की आता पुढचा पाढा कुणालाच येत नाही, तर टीचरना सांगायचं कुणी. मी तिथेच बसले होते आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं. जेवण नको, अंघोळ नको, कुणी बोलू नये, आणि कुणी बोललं नाही तर वाईट वाटावं.

ह्यांनी त्यांच्या पद्धतीने तपास सुरू केला. सेफ्टी खात्यात म्हणे अपघात झाला की 'का?' असं विचारत विचारत मुळाशी जायचं असतं. "का रडतेस?" माहीत नाही. "का माहीत नाही?" अहो, माहीत असतं तर सांगितलं नसतं का. "पण का सांगितलं नसतंस?" त्याच्या पुढच्या 'का'ला मी हातातला झारा फेकला. तो वाळूच्या बादलीत पडला. ह्यांचं एक चांगलं आहे, आपली पद्धत चालत नाही हे कळलं की ते लगेच थांबतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि मला पालघरला घेऊन गेले.

डॉक्टर बाई तरुण होत्या, आणि मी बोलत असताना त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. हे नैराश्य आहे, म्हणाल्या. आजार आहे, बरा होतो, गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. ह्यांचा जीव मात्र अडकलेला. "पण डॉक्टर, हिला काहीच टेन्शन नाही. मग कारण काय?"

"कधी कारण सापडतं, कधी नाही. तुमच्याकडे आग लागली तर तुम्ही आधी काय करता?"

"आधी विझवतो."

"मग इथेही तेच करू."

हे इतके खूश झाले की परतताना रिक्षात त्यांनी हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून पडले होते. रिक्षा दारात थांबली, आणि ओट्यावर काकी.

"काय गो बाय, काय झालं? आशी का पडली हाय?"

आणि कामगारांना रोज 'काहीही लपवू नका' असं बजावणारा माझा नवरा एका श्वासात म्हणाला, "मणका."

बरं, नुसतं मणका म्हणून गप्प बसावं ना. पण सेफ्टीवाल्या माणसाला मोघम बोलवत नाही. "खालच्या दोन मणक्यांत गॅप आहे," ते म्हणाले. "वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. लांबणारं दुखणं आहे."

वर आल्यावर मी विचारलं, "अहो, मणका कुठून काढलात?"

"मग काय सांगायला हवं होतं? तुझे क्लास आहेत. डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्या बाईकडे कोण पाठवील पोरं?"

त्या दिवसांत मी केस विंचरायचे ते केवळ मुलं येणार म्हणून. क्लास गेला असता तर दिवसभरात उठायला काही निमित्तच उरलं नसतं. मी मणका पत्करला.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं आणि तेही खाली अंगणात, वरच्या मजल्यावर चढत नाही. प्यायची बादली रोज जिन्याने वर न्यावी लागते. दुसऱ्याच दिवशी काकी पदर खोचून बादली घेऊन वर हजर. मी धावले तर ओरडल्या, "हात लावायचा नाय. घरच्यानं काय सांगलंय तुज्या?" तेव्हापासून रोज सकाळी त्या बादली वर आणू लागल्या. मला लाज वाटायची. आणि खरं सांगू, फार बरंही वाटायचं. अंथरुणात पडल्या पडल्या जिन्यावर बादलीची कडी वाजायची, काकींचं पुटपुटणं यायचं, आणि मग दार उघडायला तरी मला उठावंच लागायचं. त्या महिन्यांत मला रोज सकाळी अंथरुणातून त्या आवाजाने बाहेर काढलं.

बाकीच्या गावानेही हात आखडता घेतला नाही. कुणी लसूण घालून कडवलेलं खोबरेल दिलं, कुणी पट्टा दिला, कुणी झोपायला फळी. सफाळ्याच्या आतल्या अंगाला हाडं बसवणारा एक माणूस राहतो, त्यालाही काकींनी बोलावून आणलं. त्याने माझी पाठ अशी काही दाबली की त्यानंतर दोन दिवस माझी कंबर खरोखरच दुखत होती. सगळ्यांना समाधान वाटलं. असर होतोय, म्हणाले.

सगळ्यात अवघड होतं ते नाटक. डोकं भरून आलेलं असताना कंबर धरून चालायचं लक्षात ठेवणं, हे काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. दूध उतू गेलं की मी टुणकन उडी मारून जायचे. एकदा स्टुलावर चढून खिळा ठोकत असताना खालून काकींची हाक आली, आणि मी तशीच स्टुलावर कण्हले. मुलं तर फारच डांबिस. "टीचर, आज कंबर बरी आहे का?" असं एकाने विचारलं की मी लगेच हात कंबरेवर न्यायचे, आणि दुसरा शांतपणे म्हणायचा, "टीचर, काल दुसऱ्या बाजूला धरली होती."

गोळ्यांनी आपलं काम केलं. एका सकाळी चहा करताना मला आल्याचा वास आला, आणि लक्षात आलं की कित्येक दिवसांत मला कशाचाच वास आला नव्हता. मी गॅसपाशी उभी राहून हसले. ह्यांनी धावत येऊन आधी गॅस बंद केला, मग विचारलं काय झालं.

पुढच्या सेफ्टी वीकला वरून हुकूम आला की या वर्षी मानसिक आरोग्यावर जनजागृती करा. काम आलं ह्यांच्याकडेच. हे रोज सकाळी कामगारांना उभं करून सांगायचे, "देखो भाई, दिमाग भी मशीन के जैसा है, ओव्हरलोड मत करो. कुछ है तो बोलो, छुपाओ मत." आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या गोळ्यांची पाकिटं कंबरदुखीच्या तेलाच्या खोक्यात नीट लपवायचे. मी त्यांच्याकडे नुसतं बघायचे. ते म्हणायचे, "ते वेगळं, हे वेगळं."

त्या सप्ताहासाठी एक भलामोठा फ्लेक्स छापून आला. 'मनाचा आजार हाही आजारच आहे. लपवू नका, बोला.' खाली लक्षणं लिहिलेली: झोप न लागणे, सारखं रडू येणे, कशातच मन न रमणे, उगाच थकवा. पण छापताना कोपऱ्यातला मोठ्या साहेबांचा फोटो हनुवटीपाशी कापला गेला, म्हणून तो नापास झाला आणि दुसरा छापला. नापास फ्लेक्स हे घरी घेऊन आले. आमच्याकडे फ्लेक्स कुणी टाकत नाही. एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस एकदा साजरा झाला की त्याचा चेहरा पुढची कितीतरी वर्षं कुणाच्या तरी लाकडांवर नाहीतर मोटरसायकलवर पसरलेला असतो. हा फ्लेक्स काकींनी मागून घेतला आणि गच्चीवर चिकू वाळवायला अंथरला.

तर दृश्य असं. गच्चीवर उन्हात माझा अख्खा आजार मोठ्या अक्षरांत पसरलेला, त्याच्यावर चिकूच्या फोडी, आणि मी शेजारी बसून त्या फोडी उलटतेय. काकींना वाचता येतं, पण एकेक अक्षर जोडून. फोडी उलटताना त्या खालचं वाचायच्या. "झोप... न... लागने. ही फोड कच्ची हाय गो. सारखं... रडू..." मग एका दिवशी थांबून म्हणाल्या, "लिवलंय बरा. पन लपवू नका मंजे? कोन लपवतंय?"

मी धीर करून विचारलं, "काकी, समजा कुणाला झालंच असं, तर?"

"मागच्या आळीत ती बाय नाय का, सुकी मच्छी विकायची? डोकं फिरलं तिचं. आता कोन जात नाय तिच्याकडं."

"का जात नाही?"

काकींनी जरा विचार केला. "जाऊन बोलनार काय? कंबर दुकत आसली तर तेल तरी नेता येतं."

त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवशी मी मनात पक्कं केलं की काकींना कधी कळता कामा नये. सगळं गाव तुटलं तरी चाललं असतं मला. रोज सकाळी जिन्यावर वाजणारी ती कडी बंद झालेली चालली नसती.

आणि नेमकं तेव्हाच काकींची कंबर धरली.

धरणारच. या वयात रोज पाण्याची बादली घेऊन जिना चढल्यावर दुसरं काय होणार. मी हजारदा म्हटलं, आता मी नेते, मला बरं आहे. त्यांचं एकच, "तुजं गॅप हाय." शेवटी एक दिवस कण्हत म्हणाल्या, "बाय, तू जाते ना पालघरला मणक्याच्या डॉक्टरकडं, मला पन घेऊन चल. तुला गुन आला, मला पन येईल."

झालं. आता आली का पंचाईत. ओट्यावर काकी बसलेल्या असताना त्यांना चुकवून पालघरला जायचं कसं? एकदा डॉक्टर सुट्टीवर आहेत अशी थाप मारून मी गेलेच नाही. पुढच्या वेळी हे एकटे जाऊन गोळ्या घेऊन आले. डॉक्टरांनी निरोप दिला, पुढच्या खेपेला पेशंटला आणा. त्या पुढच्या खेपेला ह्यांच्या कारखान्यात दुरुस्तीचं शटडाऊन लागलं, हे रात्रंदिवस तिकडे, आणि काकी तयारच होत्या, नवी साडी नेसून, पिशवीत पाण्याची बाटली घालून. मी सांगितलं, दवाखाना बंद आहे. गोळ्या संपल्या. मला तसं बरंच वाटत होतं. म्हटलं, आता कशाला.

आधी डोक्यात नुसतं गरगरल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू ते जुनं परत यायला लागलं. आल्याचा वास गेला. सकाळी कडी वाजायची आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. काकी बादली दाराबाहेर ठेवून जाऊ लागल्या. क्लास बंद केला. कंबर उलटली, असं गावाने आपलं आपणच ठरवलं. पुन्हा तेलं आली. खिडकीत बाटल्या मांडून ठेवल्या होत्या, आणि त्यातली एकही मला जिथे दुखत होतं तिथे लावता येणार नव्हती. माणसं दारापर्यंत येत होती, विचारत होती, आणि मी त्यांच्यापासून लांब जात होते. मला भीती वाटत होती. मी अशीच राहिले तर, ही भीती.

एका सकाळी काकींनी मला चिकूवर लक्ष ठेवायला गच्चीवर बसवलं. त्या परत वर आल्या तेव्हा कावळे फोडी खात होते आणि मी हातभर अंतरावर बसून त्यांच्याकडे बघत होते. कावळे हाकलायला हात उचलावा लागतो. तेवढं मला जमलं नव्हतं.

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण काकी कंबर धरून हळूच माझ्याजवळ बसल्या. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "तुज्या डॉक्टरकडं जाऊ. बंद आसला तर उघडवू. दोगींची कंबर एकदमच दाखवू."

खोटं बोलायलाही अंगात जीव लागतो. माझ्यात तो नव्हता. मी म्हटलं, "चला."

रिक्षा गावातलीच होती. प्रत्येक खड्ड्याला काकी "आई गो" करायच्या आणि मी त्यांना धरायचे. खऱ्या कंबरेची बाई कळवळत होती, खोट्या कंबरेची तिला सावरत होती, आणि रिक्षावाला आरशातून मलाच सांगत होता, "टीचर, तुमी सांभालून बसा." एरवी मी हसून हसून मेले असते.

पालघरला दवाखान्याच्या जिन्यापाशी पाटी आहे. काकी तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि चिकू वाळवताना वाचायच्या तशाच वाचू लागल्या. "मा... न... सो... प... चार." मग माझ्याकडे वळल्या. "मंजे काय गो?"

"मनाच्या आजाराचे डॉक्टर."

"आनि मणक्याचा?"

"मणका नाही काकी. कधीच नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जिन्याकडे. मग स्वतःच्या कंबरेवरच्या हाताकडे.

"येवढे म्हयने मी तुज्या बादल्या चढवल्या."

"हो."

"माजी कंबर त्यानंच गेली."

"हो काकी."

"तिकडं चिकूखाली लिवलंय, ते तुला झालंय?"

"हो."

"सगळं?"

"बरंचसं."

"आनि मी रोज तुज्या तोंडासमोर वाचते, तर तू गप बसून फोडी उलटते. तोंड नाय तुला?"

मी रडायला लागले. भर रस्त्यात. भाजीवालीनंतर पहिल्यांदाच इतकी रडले. काकींनी माझा दंड घट्ट धरला, आणि तो मला आधार द्यायला की जिना चढायला, हे मला आजही सांगता येणार नाही. "चल वर," म्हणाल्या. "का हितंच उभी करते मला, आसली कंबर घेऊन?"

वर बसायच्या खोलीत नेहमीसारखी शांतता होती. या दवाखान्यात सगळे जमिनीकडे बघत बसतात, जणू प्रत्येकाचं काहीतरी खाली पडलंय. काकींना शांतता सोसत नाही. त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, "कुटनं आली?" ती ओशाळून म्हणाली, वैतरण्याहून. "झोप लागते का?" ती नाही म्हणाली. "हिला पन नाय लागत," काकींनी माझ्याकडे बोट करून सांगितलं. तोंडावर रुमाल धरलेल्या एका गृहस्थांनी रुमाल खाली घेतला आणि म्हणाले, मला लागते पण पहाटे मोडते. थोड्याच वेळात अख्खी खोली बोलत होती. डॉक्टर दार उघडून बाहेर बघायला आल्या, इतका आवाज कसला म्हणून.

मला बोलणी बसली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काकी आत माझ्याबरोबरच होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी त्यांचा एकच प्रश्न विचारला. "डॉक्टरबाय, हिनं बादली उचलली तर चालंल?"

"चालेल काय, उत्तमच. थोडी हालचाल हवीच त्यांना."

काकींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. "आनि मी?"

"तुम्ही मात्र उचलू नका. आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा."

परतताना त्या गप्प होत्या. काकी गप्प बसलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

सकाळ झाली आणि जिन्यावर कडी वाजली नाही. मी वाट बघितली. पाणी आलेलं खाली ऐकू येत होतं, बायकांचे आवाज येत होते, पण जिना शांत. संपलं, असं मला वाटलं. मी उठून जिन्याच्या वरच्या पायरीपाशी गेले. हे डबा घेऊन निघालेले, ते मधल्या पायरीवरच थिजून उभे होते. खाली नळापाशी काकी बोलत होत्या. त्यांच्या आवाजाला कारखान्याचा सायरनही लाजेल.

"कंबर तिची नाय, माजी गेलीय. तिला मनाचा आजार हाय. पालघरला डॉक्टर हाय, गोळ्या हाईत, बरं होतं, मी सोता ऐकून आले. कोनाला काय इचारायचं आसलं तर मला इचारा. तिला आता बोलायची ताकद नाय."

ह्यांनी वर माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्यांना उमगलं होतं की ही मॉक ड्रिल नाही.

मग काकी वर बघून म्हणाल्या, "उठली काय? ये खाली. बादली ने तुजी. आनि माजी पन घरात ठेव."

एका घराने मुलगा दुसऱ्या क्लासला घातला. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं, तो मुलगा गणितात चांगला होता. बाकीची आली. एकाने विचारलं, "टीचर, मग कंबर आता धरायची नाही ना?" मी नाही म्हटलं, तर त्यांना थोडं वाईटच वाटलं. क्लास सुटल्यावर एखादी आई मागे रेंगाळते, आणि हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारते. बहिणीसाठी हवाय, म्हणते. आपल्याकडे हा आजार नेहमी बहिणीलाच होतो. मी पत्ता देते आणि बहिणीला जपा म्हणते.

ह्यांनी गोळ्यांची पाकिटं तेलाच्या खोक्यातून काढून देवघराशेजारी ठेवली, आणि पुढच्या सेफ्टी वीकला कामगारांना म्हणाले, "मेरे घर में हुआ है, इसलिए बोल रहा हूँ." घरी येऊन बूट काढता काढता हे त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, पहिल्यांदाच माझं भाषण चालू असताना कुणी मोबाईल बघत नव्हतं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी वाळूच्या बादलीतली मांजर हाकलून दिली.

काकी एक दिवस ताटलीत चिकूच्या फोडी घेऊन मागच्या आळीत त्या सुक्या मच्छीवालीकडे गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात तिच्याशी?

"काय नाय. बसले."

आता बादल्या मी नेते, माझी आणि त्यांचीही. नवा कुणी रस्त्याने जाताना हटकतो, टीचर, तुम्ही आजारी ना, मग ह्या बादल्या? उत्तर ओट्यावरून येतं. "आजारी ती पन हाय, मी पन हाय. तिचं वेगळं, माजं वेगळं. बादली तिला जमते, मला नाय."

पण काही सकाळी मलाही जमत नाही. गोळ्या चालू असल्या तरी असे दिवस मधूनच येतात. मी जिन्याच्या तळाशी बादलीकडे नुसती बघत उभी राहते. तेव्हा काकी काही विचारत नाहीत. डॉक्टरांनी बजावलेलं बाजूला ठेवून, एक हात कंबरेवर ठेवून उठतात आणि दुसऱ्या हाताने कडीची एक बाजू धरतात. दुसरी बाजू मी धरते. वर जाईपर्यंत निम्मं पाणी जिन्यावर सांडतं, आणि तिथे ह्यांनी निसरडं आहे, सावकाश चाला, अशी पिवळी पाटी लावली आहे. अर्धी बादली वर पोचते. आम्हाला तेवढी पुरते.